भावंडांचा महिना

७ जानेवारी २०२४, रविवार

ही वही रत्नमालाकाकूंनी दिली. "तू नुसता वाचतोस, सुशील. लिहीत पण जा. दोन ओळी का होईना. कोणाला दाखवायची नाही," म्हणाल्या. चाळिशीच्या माणसाला कोणी गृहपाठ देतं का? पण काकू बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यांना नाही म्हणता येत नाही.

तर लिहितो. काकूंच्या सेक्टर सहाच्या घरी महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. नऊ मेंबर, सगळे मराठी, सगळे साठीच्या पुढचे. यंदा काकूंनी नवीन काढलं आहे. डब्यातून चिठ्ठी काढायची, जो विषय निघेल त्यावरचं एक पुस्तक महिन्याभरात वाचायचं आणि शेवटच्या रविवारी सगळ्यांना दहा मिनिटांत सांगायचं. असे बारा महिने बारा विषय. बाराच्या बारा जो पुरे करेल त्याचा डिसेंबरमध्ये सत्कार. पहिली चिठ्ठी निघाली: प्रवास.

मेंबर मी नाही, बाबा आहेत. मालगाडीचे गार्ड होते, दुर्ग लाइनवर. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. म्हणून वाचणारा मी आणि ऐकणारे ते. जामुलला एका ट्रान्सपोर्टच्या वजनकाट्यावर माझी नोकरी. चारला सुटतो, साडेपाचला चहा घेऊन आम्ही पोर्चमध्ये बसतो. डोळे जाण्याआधी आम्ही बापलेक असे बसल्याचं मला आठवत नाही.

इथल्या शाळा हिंदी, मला शाळेत मराठी नव्हती. बाबा ड्युटीवरून येताना नागपूरचा पेपर आणायचे आणि मला व अभिनवला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावायचे. तिथंच शिकलो. अभिनव माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. तो माझ्यापेक्षा भरभर वाचायचा. २०१३ मध्ये गेला.

२८ जानेवारी, रविवार

कट्टा झाला. पुस्तक एका माणसाच्या पायी प्रवासाचं होतं. बाबांनी ते दोन मिनिटांत उरकलं आणि स्वतःच्याच गाड्या काढल्या. डोंगरगडच्या चढावर ब्रेक कसा धरतो, थंडीत ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्यात, शेगडीवर भात कसा शिजतो. सगळे हसत होते. मग कोणीतरी विचारलं, भीती नाही वाटायची का एकट्याला?

बाबा म्हणाले, "एकट्याची कायची भीती? भीती तवा वाटे, जवा गाडीखाली मानूस येये. गार्डालेच उतरा लागते. कागद भरा लागते. डायवर मंग सांगते, चालून राहिला होता का उभा होता. डायवर त्याच्यात चुकत नाई. अन डायवरच्या पोटात ते राहत बी नाई. आठ दिवसांत पुऱ्या लाइनले मालूम होते."

काकूंनी चहा आणला म्हणून बरं झालं. बाबा आज जरा जास्तच बोलले.

येताना सिविक सेंटरच्या बाजारात थांबून समोसे घेतले. बाबांनी दोन खाल्ले. खूश होते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

विषय: एका गावाची गोष्ट. पुस्तक मोठं आहे, पण बाबांना आवडतंय. आज वाचता वाचता माझा फोन वाजला, मी उचलला. कर्ज पाहिजे का म्हणून विचारत होता. पाच मिनिटांनी परत वाजला, चुकीचा नंबर होता. बाबा चिडले.

"कावून उचलतं रे परत्येक फोन? वाजू दे न."

"काही अर्जंट असलं तर?"

माझी बायको ममता आतून त्यांना म्हणाली, "मामाजी, त्यायचं असंच आहे. आंघोळ करून राहिले असले तरी ओले बाहेर येतेत फोनसाठी." आमची मुलगी गुंजन हसायला लागली, "पापा तो एक रिंग में उठाते हैं." दहा वर्षांची झाली, घरात आम्ही मराठी बोलतो तरी ती उत्तर हिंदीतच देते.

सवय आहे एकेकाची.

१७ मार्च, रविवार

या महिन्याचा विषय: पत्रं. काकूंच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक मिळालं. एक बाई आपल्या मुलीला पत्रं लिहिते, मुलगी सासरी आहे असं आपल्याला वाटत राहतं. आज विसाव्या पत्रापाशी आलो आणि पुढच्या ओळीवर नजर गेली. मुलगी सासरी नाहीच. ती गेलेली आहे, लहानपणीच.

मी थांबलो. बाबा खुर्चीत टेकून ऐकत होते, हात मांडीवर, चेहरा कंपाउंडच्या गेटकडे. या माणसाला मी हे कसं वाचून दाखवू?

तीन पत्रं सोडली आणि चौथ्यावर गेलो. त्यात नुसती लोणच्याची गोष्ट होती.

बाबा म्हणाले, "अन मंग? पोरीनं उत्तर देल्लं का?"

"दिलं," मी म्हणालो. "येते म्हणाली दिवाळीत."

"बरं," म्हणाले.

जेवण गेलं नाही. ममतानं विचारलं, डोळे कावून लाल आहेत? सांगितलं, काट्यावर सिमेंटची धूळ होती. रविवारी काटा बंद असतो हे नंतर ध्यानात आलं.

९ एप्रिल, मंगळवार

आता मी नियमच केला आहे. पुस्तक मिळालं की आधी जामुलला काट्यावर बसून पुरं वाचून घेतो. दोन ट्रकांच्या मधे दहा-दहा पानं होतात. कोणाचं पोर जात असेल तर तेवढ्या पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक टिंब करतो. संध्याकाळी टिंब आलं की उडी मारायची आणि मधली जागा तोंडानं भरायची. मला ते चांगलं जमायला लागलं आहे.

हे मी का करतो ते एकदा लिहून ठेवतो. वही कोणी बघत नाही.

११ जून २०१३ ला अभिनवचा इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा निकाल होता. नंबर फार मागे आला. दोन वर्षं कोचिंग केलं होतं. सकाळी घरातून गेला. संध्याकाळी सव्वापाचला पावर हाउस स्टेशनच्या पुढे, जुन्या रेल्वे फाटकाजवळ गाडीखाली आला. पेपरात आलं, लाइन ओलांडताना अपघात. घरातही आम्ही तेच म्हणतो.

पण त्या गाडीचा ड्रायव्हर मला पोलीस ठाण्यात भेटला होता. बाकावर बसला होता, हातात पाण्याचा ग्लास होता, तो पीत नव्हता. मला म्हणाला, "भैया, वो पार नहीं कर रहा था. खड़ा था. मैं हॉर्न देता रहा."

हे मी कोणाला सांगितलं नाही. आई चार वर्षांनी गेली, तिला कळलं नाही, एवढं तरी मी केलं. बाबांना अजून वाटतं की तो लाइन ओलांडत होता. म्हाताऱ्या माणसाला तेवढं राहू द्यावं. म्हणून टिंबं.

१९ मे, रविवार

उन्हानं पोर्चमध्ये बसवत नाही, कूलरसमोर बसून वाचतो. कूलरच्या आवाजात मोठ्यानं वाचावं लागतं. या महिन्याचं पुस्तक स्वयंपाकघरावरचं आहे, एकही टिंब नाही. मी इतक्या मोकळ्या आवाजात वाचत होतो की बाबा म्हणाले, "आज तुहा गळा चांगला चालून राहिला."

२६ मे, रविवार

जूनची चिठ्ठी बाबांनी काढली. हातानं उलगडून काकूंकडे दिली. काकूंनी वाचली आणि एक क्षण माझ्याकडे बघितलं.

"भावंडं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भैयालालभाऊ, पाहिजे तर दुसरी काढा."

"कावून? निघाली ते निघाली," बाबा म्हणाले.

६ जून, गुरुवार

काकूंनी तीन पुस्तकं दिली होती. मी त्यातलं सर्वांत बारीक घेतलं. नदीवरच्या एका नावाड्याच्या घरची गोष्ट, दोन भाऊ. थोरला नाव चालवतो, धाकट्याला शिकायचं आहे. चांगली आहे, साधी आहे. आज काट्यावर एकशे बेचाळिसाव्या पानापर्यंत आलो आणि धाकटा बुडाला.

बुडाला म्हणजे, थोरला पलीकडच्या काठावर आहे आणि अलीकडून धाकटा हाका मारतो. थोरल्याला ऐकू येतं. त्याला वाटतं, नेहमीसारखं काहीतरी मागत असेल, भरलेली नाव सोडून आता कुठं जाऊ. तो जात नाही.

एक ट्रक काट्यावर चढून उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मला ऐकू आलं नाही. तो खाली उतरून खिडकीपाशी आला, "क्या साहब, सो गए क्या?"

पान एकशे एकोणचाळीसपासून एकशे बावन्नपर्यंत टिंबं केली. पुस्तक बदलून आणायचा विचार केला, पण काकू विचारतील का म्हणून. बाबांसाठी गोष्ट अशी करीन: धाकटा शहरात जातो. नोकरी लागते. पत्र येतं.

११ जून, मंगळवार

अभिनवच्या फोटोचा हार ममतानं सकाळीच बदलला. तिनं खीर केली. बाबांनी खीर परत मागितली.

आज वाचलं नाही.

२० जून, गुरुवार

वाचून दाखवलं. चौदा पानं उडवली. धाकट्याला शहराच्या गाडीत बसवलं, थोरला काठावर उभा राहून हात हलवतो, इतकं सगळं मी मनानं घातलं.

बाबांनी कप चाचपून खाली ठेवला. मग म्हणाले, "गेला म्हन शहरात."

"हो."

"लहाना खूश आहे तिकडं?"

"हो. पत्रात तसं लिहिलंय."

"अन मोठा?"

थोरल्याचं मी काही ठरवलं नव्हतं. "तोपण," म्हणालो.

बाबांनी हात पुढं केला. मला वाटलं पाण्याचा ग्लास पाहिजे, तो दिला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत, तसाच बाजूला ठेवला.

३० जून, रविवार

आजचं लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

कट्ट्यात बाबांचा तिसरा नंबर होता. ते उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून. नावाड्याची गोष्ट सांगितली. नदी, नाव, दोन भाऊ. मी सांगितलं होतं त्यापेक्षा चांगली सांगितली. लहाना शहरात गेला, तिकडं त्याचं चांगलं चाललं आहे, असं म्हणून थांबले.

समोर सत्यभामाबाई बसल्या होत्या. फार वाचणाऱ्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते निळ्या पुठ्ठ्याचं न? मी वाचलं आहे ते. त्याच्यात तर लहाना बुडते न. मोठा जातच नाई त्याच्याकडं. मी किती रडली होती."

मी खाली फरशीकडे बघत होतो. काकू काही तरी म्हणायला गेल्या, पण त्याआधी बाबा बोलले.

"तुमच्या पुस्तकात बुडत असंल, बाई. माह्या पुस्तकात नाई बुडत."

आणि बसले.

सत्यभामाबाईंच्या नंतर ध्यानात आलं असावं. त्यांनी निघताना बाबांचा हात धरला, डोळ्यांत पाणी होतं. बाबा म्हणाले, "जाऊ द्या." चारचौघांत माझ्यामुळे म्हाताऱ्याचं हसं झालं. हसलं कोणी नाही, पण झालं ते झालं. आणि जे कळायला नको होतं तेही कळलं. काय म्हणून मी ते पुस्तक बदललं नाही?

२ जुलै, मंगळवार

कामावरून आलो तर बाबा पोर्चमध्ये आधीच बसले होते. मांडीवर निळं पुस्तक. गुंजनकडून काढून घेतलं म्हणे कपाटातून. मी चहा ठेवला.

"वाच," म्हणाले.

"ते तर झालं न, बाबा. आता नवीन…"

"जे वाचलं नाई ते वाच."

मी म्हणालो, प्रिंट खराब आहे तिथं, पानं चिकटली होती. काय काय म्हणालो. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "सुशील, मी तीस वर्सं अंधारात डबे मोजले आहेत. गाडी निघाली का आवाजावरून मालूम होये किती डबे गेले. पान पलटल्याचा आवाज येत नाई का मले? मार्च महिन्यापासून तू उड्या मारून राहिला. त्या दिवशी तर चौदा पानं एका झटक्यात मारली."

मार्चपासून! ते सगळं माहीत असून ऐकत होते. मुलगी दिवाळीत येते म्हणाली, तेव्हाही.

"तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा."

"मले?" ते म्हणाले. माझ्याकडे तोंड केलं. डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी होते. "मले कायचा तरास? त्या दिवशी गाडी जो चालवून राहिला होता, तो माह्या संगं सात वर्सं चालला. तेराव्यालेच घरी येऊन सांगून गेला मले. उभा होता म्हने."

मी पुस्तक हातात धरून बसलो होतो. आतून कुकरची शिटी झाली, दुसरी झाली. अकरा वर्षं मी जे सांभाळलं ते त्यांच्याकडे तेराव्या दिवसापासून होतं.

"तुह्या मायलेबी मालूम होतं," ते म्हणाले. "मीच सांगतलं. तिनं म्हटलं, सुशीलले नोको सांगू. त्याची बायको पोटुशी आहे. त्याले राहू दे."

वाचणं झालं नाही. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

४ जुलै, गुरुवार

आज वाचलं.

एकशे एकोणचाळीसपासून. सुरुवातीला बरा वाचत होतो. नदीला पूर आहे, नाव भरलेली आहे. अलीकडून हाक येते. पुस्तकात ती हाक तीनदा लिहिलेली आहे, तीन वेगवेगळ्या ओळींत, नुसतं "दादा". पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचता येईना.

बाबा थांबून होते. म्हणाले, "वाच न."

मी पुस्तक मिटलं. काय झालं मला सांगता येत नाही, पण जे अकरा वर्षांत ममतालाही सांगितलं नाही ते मी बोलून गेलो. त्या दिवशी दुपारनंतर अभिनवचे मला तीन फोन आले होते. तेव्हा माझी ड्युटी सहापर्यंत असायची आणि काट्यावर ट्रकांची लाइन लागली होती, हे खरं. पण फोन मी ट्रकांमुळे घेतला नाही असं नाही. स्क्रीनवर त्याचं नाव दिसत होतं. निकाल मला दुपारीच कळला होता. मला वाटलं, आता म्हणेल, दादा, तू घरी चल, तू बाबाशी बोल. दर वेळी मीच मधे पडायचो आणि दर वेळी मलाच ऐकावं लागायचं. मला वाटलं, आज नको. आज त्याचं त्यानं बघावं. तीनदा वाजला. तिन्ही वेळा मी फोन उलटा करून ठेवला. शेवटचा चार वाजून चाळीस मिनिटांचा.

बोलून झाल्यावर मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा तसाच होता. ओठ जरा हलले. मला वाटलं काहीतरी बोलतील. रागावतील, शिव्या देतील, काहीही.

ते उठले. भिंत धरत आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

२१ जुलै, रविवार

सतरा दिवस झाले. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे, पाणी दे, पंखा लाव, एवढं. पोर्चमध्ये बसतात, पण मी खुर्ची घेऊन गेलो की म्हणतात, "आज नोको." जुलैचं पुस्तक तसंच पडून आहे.

ममताला सांगितलं सगळं. ती रडली. मग म्हणाली, "इतके वर्सं एकटेच घेऊन बसले होते?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, गुंजनला फिरवते तसा. पण बाबांचं काय करायचं ते तिलाही कळत नाही.

ते मला माफ करणार नाहीत. आणि का करावं? त्यांच्या मुलानं हाक मारली आणि दुसऱ्या मुलानं फोन उलटा ठेवला. मी त्यांच्या जागी असतो तर एका घरात राहिलो नसतो.

२८ जुलै, रविवार

आम्ही कट्ट्याला गेलो नाही. काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "एक महिना सुटला तर काही बिघडत नाही. भाऊंना म्हणा, त्यांची खुर्ची ठेवली होती." बाबांना सांगितलं. "बारा होत नाई आता," म्हणाले. "राहू दे."

पाऊस फार आहे.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी आठ वाजता बाबा कपडे घालून तयार बसले होते. पांढरा शर्ट, काठी. म्हणाले, "स्कूटर काढ."

"कुठं जायचं?"

"जुन्या फाटकाकडं."

मी त्या रस्त्यानं अकरा वर्षांत गेलो नव्हतो. जामुलला जायला तो रस्ता लागत नाही, आणि इतर कुठं जायचं असलं तरी मी फिरून जातो. बाबा गेले असतील असंही मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी रस्ता सांगितला, कुठल्या वळणावर वळायचं, कुठं खड्डा आहे ते. मी विचारलं, तुम्ही इकडं आला होता? म्हणाले, "डोळे होते तवर येत होतो. पहिल्या तारखेले. तुह्या मायले सांगो, बँकेत चाललो."

फाटक आता नाही. बंद केलं आहे, लाइनच्या कडेनं लांब भिंत घातली आहे. स्कूटर लावली, बाबांचा हात धरून भिंतीपर्यंत नेलं. त्यांनी भिंतीला हात लावला, वर-खाली चाचपली.

"हे कवा बांधलं?"

"माहीत नाही."

"काय दिसून राहिलं, सांग."

मी सांगितलं. भिंत माझ्या छातीएवढी आहे. पलीकडे रुळांखालची गिट्टी आहे, ओली आहे. लाइनच्या पलीकडे गवत वाढलं आहे, त्यात दोन बकऱ्या आहेत. एक बाई प्लास्टिक वेचून राहिली. सिग्नलचा खांब आहे.

"किती दूर?"

"शंभर पावलं असतील."

"त्याच्या अलीकडं. त्या खांबाच्या अलीकडं होता." ते थांबले. "तिथं काय आहे?"

मी बघितलं. तिथं काहीच नव्हतं. गिट्टी, स्लीपर, पाण्याची एक फुटकी बाटली. मी तेच सांगितलं.

एक मालगाडी आली. भिंत थरथरली. ती जाईपर्यंत आम्ही उभे होतो, बराच वेळ लागला. ती गेल्यावर बाबा बोलायला लागले, माझ्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून.

"त्याचं सामान घ्याले ठान्यात मी गेलतो. फोन चालू होता त्याचा. तुहे तीन फोन मले तवाच दिसले."

मी भिंत धरली.

"तुहे तीन होते, अन त्याच्यानंतर एक माहा होता. पाच वाजाले दोन मिनिटं कमी. तो मी उचलला."

मी त्यांच्याकडे वळलो.

"त्यानं म्हटलं, बाबा. बस. बाबा म्हटलं अन चूप राहिला. मी वाट नाई पाहिली. मी म्हटलं, किती नंबर आला ते मालूम झालं मले. घरी ये, मंग सांगतो तुले. अन कट केला." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तू उचलला असता तर तो वाचला असता का नाई, ते मले मालूम नाई. मी उचलला होता. मी उचलूनबी नाई वाचला."

मग म्हणाले, "तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं. पन तुहे तीन सांगतले असते तर माहा एक बी सांगा लागला असता. म्हून मी तुले अकरा वर्सं तसंच राहू देल्लं. त्या दिवशी तू बोलला अन मले उठून जा लागलं. तुह्यासमोर बसता नाई आलं."

मला वाटत होतं की ते माझं तोंड बघू इच्छीत नाहीत.

मी बाबांकडे बघितलं. पंचाहत्तरीला आलेला माणूस, पांढरा शर्ट, बाहीवर भिंतीची ओल लागलेली. मला राग आला, हेही लिहितो. एक क्षण फार राग आला. मग तो कुठं ठेवायचा ते कळलं नाही. मी त्यांच्याजवळ सरकून उभा राहिलो. ते रडत होते. आवाज नव्हता, नुसती हनुवटी हलत होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग मलाही राहवलं नाही. ती प्लास्टिक वेचणारी बाई वर बघून परत खाली वाकली.

किती वेळ उभे होतो माहीत नाही. दोन गाड्या गेल्या. शेवटी बाबांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "चाल. तुही बायको वाट पाहून राहिली असंल."

घरी आलो तर ममता गेटमध्येच उभी होती. आम्हा दोघांची तोंडं बघून घाबरली.

"कुठं गेलते, मामाजी? सांगून बी नाई गेले."

बाबांनी चप्पल काढली, काठी भिंतीला टेकवली.

"अभिनवकडं," म्हणाले.